पु. लं.च्या कारकिर्दीत सुनीताबाईंचा वाटा नेमका किती?

आपण लिहिले आहे की ‘आहे मनोहर तरी’ हे सुनीताबाईंचे आत्मकथन वाचल्यावर पु. ल. देशपांडे मनातून थोडे उतरले आणि घरातल्या गोष्टी सुनीताबाईंनी अशा चारचौघांत मांडायला नको होत्या असे वाटले. पुढे आपण विचारले आहे की पतीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या या पत्नीचा त्यांच्या यशात खरोखर किती वाटा होता. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात राहतो. आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाचा पत्रव्यवहार बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि या प्रश्नाकडे मी त्या बाजूने पाहतो. ‘पाठीशी उभी राहिलेली पत्नी’ हे वर्णन सुनीताबाईंना लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखन, प्रयोग, पुस्तके आणि देणग्या असा जो मोठा पसारा पु. लं.च्या नावाने उभा राहिला तो दोघांनी मिळून चालवला; त्यातले लोकांना आवडणारे काम पु. लं.च्या वाट्याला आले आणि वाईटपणा घ्यावा लागणारे काम सुनीताबाईंनी आपल्या अंगावर घेतले.

त्या मूळच्या रत्नागिरीच्या, वकिलाच्या घरातल्या. जन्म 1926 चा. आजोळ मालवण तालुक्यातल्या धामापूरचे, म्हणजे आम्हा गोवेकरांना शेजारचेच. 1942 च्या चळवळीत त्या विद्यार्थिदशेत उतरल्या होत्या. मुंबईत शाळेत शिकवत असताना पु. लं.ची ओळख झाली आणि 12 जून 1946 रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने लग्न झाले. लग्नाच्या विधींवर, थाटामाटावर त्यांचा विश्वास नव्हता. पत्रिका, वाजंत्री, आहेर यांतले काही नको हा आग्रह 1946 साली एका विशीतल्या मुलीने धरावा आणि तो तडीस न्यावा, यावरूनच पुढच्या चोपन्न वर्षांच्या संसारात कोणाचा शब्द कुठे चालणार होता याची कल्पना येते.

आता माझ्या अनुभवातल्या भागाकडे येतो, कारण वाट्याचा हिशेब मला तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. गोव्यात देवळाच्या उत्सवाला, जत्रेला नाटक झाले नाही तर गावाला चुकल्याचुकल्यासारखे होते. मांडव, पडदे, रंगभूषाकार, ध्वनिक्षेपक, पेटी-तबला, तालमीचा चहा या सगळ्यांचे पैसे मंडळ बिनतक्रार मोजते. लेखकाच्या मानधनाचा विषय निघाला की मात्र ‘देवाचे काम आहे, त्याला कसले मानधन?’ असे म्हणणारा एक तरी ज्येष्ठ सभासद बैठकीत असतोच. लेखकाला पत्र लिहिताना नाटकाचे नाव, प्रयोगाची तारीख, ठिकाण, तिकीट आहे की नाही, हे सगळे कळवून परवानगी मागायची आणि ती येईपर्यंत फलक रंगवायचा नाही, ही शिस्त हौशी मंडळांच्या अंगी सहजासहजी मुरत नाही. ‘तुझे आहे तुजपाशी’ 1957 मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यानंतर मराठी बोलली जाते तिथे सगळीकडे ते होत राहिले. अशा लोकप्रिय नाटककाराकडे किती पत्रे, किती विनंत्या, किती सवलतीच्या मागण्या येत असतील याचा अंदाज या कामात असलेल्या कोणालाही करता येईल.

पु. लं.ना समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नसे. माणसांच्या घोळक्यात रमणाऱ्या त्या माणसाने प्रत्येकाला ‘करा हो’ म्हटले असते. परवानगीवाचून प्रयोग करू नका, मानधन आधी पाठवा, संहितेत मनाला येईल तशी काटछाट करू नका, हे सांगण्याची जबाबदारी सुनीताबाईंनी घेतली. परिणामी फटकळ, तुसड्या, पैशाला घट्ट अशी त्यांची ख्याती झाली, आणि तसे म्हणणाऱ्यांनी तो पैसा कुठे गेला याची चौकशी क्वचितच केली. 1965 मध्ये या दांपत्याने पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून समाजोपयोगी कामांना मदत होत राहिली. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले, त्याच्या मुळाशी या दोघांनी दिलेली एक लाख रुपयांची देणगी होती. पै-पैचा हिशेब ठेवणारी व्यक्ती घरात नसती, तर पु. लं.चे दातृत्व मनातल्या मनातच राहिले असते.

प्रयोगांच्या बाबतीतही तेच. ‘बटाट्याची चाळ’ एकट्या नटाने उभी केली असे आपण म्हणतो आणि रंगमंचापुरते ते खरेच आहे. पण पडद्यामागची सगळी व्यवस्था सुनीताबाईंकडे असे. ‘वाऱ्यावरची वरात’ मध्ये तर त्या स्वतः रंगमंचावरही उभ्या राहत. लेखनातही त्या पहिल्या वाचक होत्या, आणि मनाला न पटलेल्या मजकुराची भीड ठेवणाऱ्या नव्हत्या.

गोव्याच्या माणसाला मात्र त्यांचे ऋण आणखी एका कारणासाठी मानावे लागते. बाकीबाबांचे, म्हणजे आमच्या बोरीच्या बा. भ. बोरकरांचे काव्य या दोघांनी जाहीर वाचनातून रसिकांपुढे नेले. बोरकरांचा जन्म 1910 चा; ते 1984 मध्ये गेले. त्यांच्या ओळींतली समुद्राची, माडांची लय रत्नागिरी-मालवणच्या मुलीला समजावून सांगावी लागली नसणार. सुनीताबाईंना असंख्य कविता पाठ होत्या. त्यांचे वाचन ध्वनिमुद्रणात ऐकले की जाणवते ते असे, की त्या आवाज चढवत नाहीत, हातवाऱ्यांची कसर स्वरांनी भरून काढत नाहीत. ओळ जिथे श्वास घेते तिथेच त्या थांबतात, त्यामुळे शब्दाचे वजन ऐकणाऱ्याला आपोआप कळते. त्या बैठकीत पु. लं.च्या शेजारी त्यांच्याइतक्याच योग्यतेचा रसिक बसलेला आहे, याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरत नाही.

राहिला प्रश्न पुस्तकाचा. ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. पु. ल. तेव्हा हयात होते आणि त्यानंतर दहा वर्षे, 12 जून 2000 पर्यंत, म्हणजे लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवसापर्यंत जगले. पती गेल्यावर त्याच्या माघारी उणीदुणी काढण्याचा प्रकार हा नव्हे. ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस त्याच घरात, समोर होता. प्रेमळ पण घरातल्या गोष्टींकडे लक्ष न देणाऱ्या, आपल्याच नादात असणाऱ्या माणसाबरोबर राहणे कसे असते हे त्यांनी लिहिले, आणि स्वतःच्या हट्टीपणाला, कठोरपणालाही त्याच मापाने मोजले. आपण दुखावलात ते मी समजू शकतो, कारण आम्हा वाचकांना पु. ल. घरातल्यासारखे वाटतात. पण ज्या काटेकोरपणावर पु. लं.चा सारा व्यवहार उभा होता तोच काटेकोरपणा लिहिताना बाजूला ठेवावा, अशी अपेक्षा सुनीताबाईंकडून करणे मला अन्यायाचे वाटते.

सुनीताबाई नसत्या तर पु. ल. घडलेच नसते असेही काहीजण म्हणतात, ते मला मान्य नाही. विनोदाची ती दृष्टी, पेटीवरची बोटे आणि माणसे न्याहाळण्याची हौस त्यांची स्वतःची होती. तिला शिस्त, वेळ आणि मोकळीक सुनीताबाईंनी मिळवून दिली आणि त्यासाठी स्वतःच्या लेखनाची उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्या लेखनाची ताकद पाहायची असेल तर ‘सोयरे सकळ’ आणि जी. ए. कुलकर्णींना लिहिलेल्या पत्रांचे ‘प्रिय जी. ए.’ ही पुस्तके आवर्जून वाचावीत. ती वाचून झाल्यावर ‘आहे मनोहर तरी’ पुन्हा एकदा हाती घ्यावे, आणि त्या वेळी पु. लं.ची पत्नी म्हणून न वाचता एक लेखिका म्हणून त्यांना वाचावे, एवढीच माझी आपल्याला विनंती आहे.