वेदीमागचं चित्र: लोणा, वर्ख आणि नऊवारी

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर उत्तम मेंढपाळाचं, म्हणजे मेंढरांसोबतच्या येशूचं, ६ बाय ४ फुटांचं चित्र थेट ऑइल पेंटने काढायचं आहे. तिथला रंग दर पावसाळ्यानंतर सुटतो. प्रायमरचे दोन हात जास्त दिले तर भागेल का? (वाचक, शरणपूर रोड)

उत्तर : नाही भागणार. भिंतीला लोणा लागलेला दिसतो. ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, रंगाच्या मागे त्यांचे खडे बनतात आणि ते रंगाला ढकलतात. प्रायमर जाड दिला की पोपडाच मोठा निघतो. खात्री करायची तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून दोन दिवस भिंतीवर चिकटवा. आतल्या बाजूने दव धरलं तर ओल भिंतीतच आहे.

तेव्हा चित्र फळीवर काढा. १२ मिमीचं मरीन प्लाय घ्या. ८ बाय ४ ची शीट येते. उरलेला दोन फुटांचा तुकडा टाकू नका, रंग आधी त्यावर पाहता येतात. मागून २ बाय १ इंची पट्ट्यांची चौकट मारा. आता बहुतेकांची चूक होते ती इथे: अस्तर फक्त पुढून देतात. मग मागची बाजू पावसाळ्यात ओल पिते, पुढची पीत नाही, आणि फळी वाकते. पुढून, मागून आणि विशेषतः कापलेल्या कडांना सीलर द्या. त्यावर पुढून ॲक्रिलिक गेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) चार हात, एक आडवा, एक उभा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिशपेपर. खडू आणि सरसाचा जुना गेसो दिसायला सुंदर, पण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये सरसावर बुरशी धरते.

भिंत आणि फळी यांत इंचभर फट ठेवा, हवा खेळली पाहिजे. मेणबत्त्या चित्राच्या थेट खाली नकोत. काजळी आधी मेंढपाळाच्या पायांवर बसते आणि पुसताना रंगही चोळला जातो.

ऑइलवर शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी द्यायचं असतं. नाताळच्या आधी ते व्हायला हवं असेल तर चित्र मेअखेर संपलं पाहिजे. कमिटीने दोनच महिने दिले असतील तर सरळ ॲक्रिलिक वापरा. व्हार्निश मॅट घ्या, नाहीतर चेहऱ्यावर ट्यूबलाइट चमकते.

आणि रंगवायला घेण्याआधी चेहरा वर्तमानपत्रावर कोळशाने खऱ्या मापात काढून भिंतीवर लावा, शेवटच्या बाकावर जाऊन बसा. डोळे दिसले नाहीत तर मेंढरं कमी करा, चेहरा वाढवा.

प्रश्न : येशूच्या प्रभावलयाला लावलेला सोनेरी वर्ख वर्षभरात हिरवट-काळा पडला. साफ कसा करू? (वाचक, नाशिकरोड)

उत्तर : साफ होत नाही. तो वर्ख सोन्याचा नव्हे, तांबं आणि जस्ताचा. बोटांचा घाम आणि दमट हवा त्याला पुरते. घासून काढा, पुन्हा लावा आणि त्यावर मेण काढलेल्या शेलॅकचे (लाखेच्या व्हार्निशचे) दोन हात द्या. २३ कॅरटचा खरा वर्ख काळा पडत नाही, त्याला हे कवच लागत नाही. लावताना ऑइल साइझ (वर्ख चिकटवायचा तेलाचा थर) बोटाच्या मागच्या बाजूने तपासा: चिकट लागला पाहिजे, बोटाला यायला नको. ओला असताना वर्ख ठेवला तर तो बुडतो आणि चमक जाते. पावसाळ्यात साइझ सुकायला डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्त लागतो.

वलयात क्रूस असतो तो येशूच्या. संतांचं वलय साधं ठेवा.

प्रश्न : पवित्र मरियेला नऊवारी नेसवली तर चालेल का? (वाचक, मनमाड)

उत्तर : परंपरा नवी नाही. गोव्यात जन्मलेले चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांनी पुण्यात राहून मरियेला साडीतच रंगवलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ मध्ये सर्व लोकांच्या कलेला उपासनेत वाव दिला. तरी रेखाटन आधी फादरांना दाखवा. प्रोटेस्टंट चर्च असेल तर पाळक आणि कमिटीला. काही ठिकाणी वेदीमागे साधा क्रूसच हवा असतो. कुंकवाचा प्रश्नही तेव्हाच सोडवून घ्या, रंगवून झाल्यावर नको.

काठ मात्र एकरंगी ठेवा. पैठणीचे मोर काढले की नजर बाळावरून थेट पदरावर जाते. बाळ मांडीवर असेल तर कासोट्याच्या निऱ्या आधी कुणाला तरी तसं बसवून पाहा; मनाने काढलेल्या निऱ्यांत गुडघे हरवतात.