कपाला डोळे लावले म्हणून काय झालं?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी तुमचा प्राणिशास्त्राचा जुना विद्यार्थी. तुम्ही पोकेमॉन खेळता हे मागच्या अंकात वाचून थक्क झालो. माझी लेक ‘पोकेमॉन स्कार्लेट’ या व्हिडिओ गेमची वेडी आहे. मी मात्र पहिल्या खेळातल्या १५१ काल्पनिक प्राण्यांवर वाढलेल्यांतला. नवे प्राणी बघितले की वाटतं, या लोकांची कल्पनाशक्ती आटली. चहाच्या कपाला डोळे, किल्ल्यांच्या जुडग्याला डोळे! तुम्हाला त्यात आवडतं तरी काय?
– एक माजी विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : अरे, १९९६च्या त्या १५१ मध्ये काय नुसते वाघ-सिंह होते? व्होल्टॉर्ब म्हणजे चेंडूला डोळे. मॅग्नेमाइट म्हणजे लोहचुंबकाला डोळा. ग्रायमर तर निव्वळ गाळ. तेव्हा दप्तर भिरकावून कार्टून नेटवर्कसमोर बसायचास म्हणून ते गोड लागलं, एवढंच. आणि तो चहाचा कप, सिनिस्टी, त्याला नावं ठेवण्याआधी उलटा करून बघ. काही मोजक्या कपांच्या बुडाशी अस्सलपणाचा शिक्का असतो, बाकीचे नकली. जुन्या बाजारात बशी पालथी घालून शिक्का शोधणाऱ्या पुणेकराला हा विनोद कळायला हरकत नाही.

पण मला जे खरं आवडतं ते वेगळंच. नवे खेळ बनवणाऱ्यांत कुणीतरी जीवशास्त्र मन लावून वाचलेलं आहे. २०२२च्या ‘स्कार्लेट’-‘व्हायोलेट’मध्ये समुद्रकाठच्या वाळूतून विगलेट डोकं काढतो. दिसायला थेट तुझ्या १५१ मधला लाडका डिगलेट, तो जमिनीतून डोकं काढणारा, फक्त पांढरा आणि लांबुळका. नातं मात्र काडीचं नाही. वाळूत बीळ करून राहणाऱ्या ईल माशांवरून तो बेतलाय. टोड्सकूलचंही तसंच. जुना टेंटाकूल समुद्रातला जेलीफिश, आणि हुबेहूब त्याच्यासारखी दिसणारी ही पळती अळंबी दमट जंगलात राहते.

आठवतंय का काही? अभिसारी उत्क्रांती! म्हणजे जवळचं नातं नसलेले जीव सारख्या राहणीमुळे सारखे दिसू लागतात ती. नदीवरच्या पुलाखालून सपासप जाणारी पाकोळी आणि तारेवर ओळीने बसणारी भिंगरी मी वर्गाला दाखवली होती. दोघी उडता उडता हवेतले किडे टिपतात म्हणून दोघींचे पंख लांब, टोकदार. पण पाकोळीची जवळची नातलग हमिंगबर्ड, आणि भिंगरी चिमणीच्या गणातली. पाकोळीच्या पायांना तारेवर बसणं जमतच नाही. एवढं सांगूनही परीक्षेत निम्म्या वर्गाने त्यांना सख्ख्या बहिणी केलं. (तुझं उत्तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही.) तुझ्या लेकीला मात्र विगलेट-डिगलेट वेगळे हे पाठ असणार, विचारून बघ.

वूपर घे. मूळचा निळा, पाण्यात राहणारा. ‘स्कार्लेट’मधल्या पाल्डिया प्रदेशातला वूपर जागेच्या भांडणात हरला, जमिनीवर आला, आणि अंग जपायला त्याच्यावर विषारी थर चढला. हे त्या खेळातल्या पोकेडेक्समध्येच, म्हणजे प्राण्यांच्या माहितीकोशातच, दोन ओळींत दिलंय. जुन्या डिगलेटला असा भूतकाळ कुणी दिला होता?

२०१९च्या ‘स्वोर्ड’-‘शील्ड’मधला गॅलार हा प्रदेश ब्रिटनवर बेतलेला. तिथली कॅरा लिस नावाची बाई जीवाश्मांचे तुकडे जोडते, आणि एकाचं डोकं बेधडक दुसऱ्याच्या धडावर बसवते. आर्क्टोव्हिशचं तोंड तर डोक्याच्या वर आलंय, त्यामुळे बिचाऱ्याला शिकार गोठवता येते पण खाताना पंचाईत. मी मोठ्याने हसले. कारण ब्रिटिशांनी हे खरोखर केलेलं आहे: इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या अंगठ्याचं काटेरी हाड त्यांनी नाकावर शिंग म्हणून बसवलं, आणि १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत तसे पुतळेही उभे केले.

तिथलाच कोर्सोला बघून मात्र हसू येत नाही. एके काळचं गुलाबी प्रवाळ. गॅलारमध्ये हवामान एकाएकी बदललं आणि त्याचं पांढरं भूत झालं. आता जिथे समुद्र उरला नाही तिथे ते दगडासारखं पडलेलं असतं. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रवाळांच्या विरंजनावर, म्हणजे पाणी तापून ते पांढरे पडण्यावर, जेमतेम अर्धं पान होतं.

दोष आहेतच, मी वकीलपत्र घेतलेलं नाही. ‘स्वोर्ड’-‘शील्ड’मध्ये कितीतरी जुने प्राणी घेतलेच नाहीत, त्यावरून चाहते भडकले ते रास्तच. ‘स्कार्लेट’ बाजारात आली तेव्हा लांबच्या पवनचक्क्या अडखळत फिरायच्या. २०२५मध्ये स्विच २ हे खेळाचं नवं यंत्र आलं, त्यावर फुकट सुधारणा मिळाली आणि चित्र सुरळीत झालं.

प्रश्न : वय ६३. बोटं पूर्वीसारखी चपळ नाहीत. मॅडम, यातला कुठला खेळ मला झेपेल?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, ‘स्कार्लेट’ किंवा ‘व्हायोलेट’ घ्या. लढाई पाळीपाळीने असते. तुम्ही चहा टाकून आलात तरी समोरचा मुकाट्याने थांबतो. ‘लेजंड्स: आर्सेयस’ माझ्या फार आवडीचा, कारण त्यात गवतात दबकून बिडूफ, स्टार्ली अशा प्राण्यांच्या सवयी टिपायच्या असतात. स्टार्ली चाहूल लागताच उडून जाते, बिडूफला कशाचंच काही नसतं. पण त्यात अधूनमधून चवताळलेल्या प्राण्याचा वार कोलांटी मारून चुकवावा लागतो. २०२५चा ‘लेजंड्स: झेड-ए’ तूर्त नकोच, त्यात लढाई थांबतच नाही. आणि नातवंडं असतील तर सुरुवातीचं लांबलचक संभाषण त्यांना पुढे ढकलू द्या, त्यात काही बुडत नाही.