वाचकांचे प्रश्न : जुने डक्ट, नवा हीट पंप

प्रश्न : स. न. वि. वि. न्यू जर्सीतील एडिसन येथे आमचे 1960च्या दशकात बांधलेले, सुमारे 1,900 चौरस फुटांचे दुमजली घर आहे. तळघरात तासाला 80,000 बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे माप), 80 टक्के कार्यक्षमतेची गॅस फर्नेस आणि 3 टनांचा (टन हे यंत्राच्या क्षमतेचे माप) एसी आहे. दोन्ही जुने झाल्यामुळे त्यांच्या जागी हीट पंप (हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे आणि उन्हाळ्यात एसीचे काम करणारे यंत्र) घ्यावा, डक्ट (घरभर हवा नेणाऱ्या नळ्या) मात्र तेच ठेवावेत, असा विचार आहे. पहिल्या कंत्राटदाराने क्षेत्रफळ विचारून 4 टन सांगितले. दुसऱ्याने ‘थंडीत कमी पडायला नको’ म्हणून 5 टन सांगितले. तिसऱ्याने डक्टला दोन बारीक भोके पाडून हवेचा दाब मोजला, तो (पाण्याच्या उंचीच्या मापात) 0.8 इंच भरला; त्याच्या मते 3 टन पुरतील, पण आधी रिटर्न (खोल्यांतली हवा यंत्राकडे परत ओढणारा डक्ट) वाढवावा लागेल, आणि त्याचा खर्च वेगळा. जुलैच्या दुपारीही आमचा एसी अधूनमधून थांबतो. जानेवारीत बाहेर सरासरी 20 अंश फॅरनहाइट असताना फर्नेस 24 तासांत 11 तास चालल्याची नोंद थर्मोस्टॅटमध्ये आहे. वरची मागची खोली मात्र उन्हाळ्यात तापते व हिवाळ्यात गारठते, आणि पंखा सुरू झाला की हॉलमधली जाळी शिट्टी वाजवते. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तिसऱ्याचे, कारण तिघांपैकी मोजमाप त्याने एकट्यानेच केले आहे.

पहिल्याचा हिशेब उघड आहे. दर 500 चौरस फुटांना एक टन, म्हणून 1,900 फुटांना जवळपास 4 टन. या ठोकताळ्यात खिडक्या, भिंतींतील आणि माळ्यावरील इन्सुलेशन, फटींतून येणारी हवा यांपैकी काहीच येत नाही. अमेरिकेत घराचा भार (घराला किती उष्णता वा गारवा लागतो तो) काढण्यासाठी ‘मॅन्युअल जे’, त्यावरून यंत्र निवडण्यासाठी ‘मॅन्युअल एस’ आणि डक्टसाठी ‘मॅन्युअल डी’ अशा प्रमाणित पद्धती आहेत. कंत्राटदाराकडे ‘मॅन्युअल जे’चा अहवाल खोलीनिहाय आकड्यांसह लेखी मागावा, मागच्या खोलीचे दुखणे त्याशिवाय कळणार नाही.

तो येईपर्यंत आपल्याच नोंदीवरून बराच अंदाज बांधता येतो. 80,000 बीटीयूच्या 80 टक्के म्हणजे तासाला 64,000 बीटीयू उष्णता घरात येते. ती 24 पैकी 11 तास आली, म्हणजे सरासरी तासाला सुमारे 29,000 बीटीयू. घरात 70 अंश धरले, तर ही गरज 50 अंशांच्या फरकाला पडली. आपल्या भागात यंत्र निवडताना बाहेरचे तापमान साधारण 15 अंश धरतात, म्हणजे फरक 55 अंशांचा. त्या प्रमाणात गरज 32,000 बीटीयूच्या आसपास जाते. आपली फर्नेस गरजेच्या दुप्पट आहे आणि इतकी वर्षे ती निम्मा वेळ स्वस्थ बसून होती. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, तेव्हा 5 टनांना इथे काहीही आधार नाही. उन्हाळ्याचा प्रश्नही एसीने स्वतःच सोडवला आहे : ऐन उन्हात जे यंत्र थांबू शकते, ते लहान नाही.

मोठे यंत्र घेतल्याने फार तर पैसे जास्त जातील, असे अनेकांना वाटते. खरे नुकसान डक्टमध्ये होते. हीट पंपाला टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा लागते, म्हणजे 3 टनांना 1,200 आणि 4 टनांना 1,600. डक्ट तेच ठेवून हवा वाढवली की दाब हवेच्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (हवा दुप्पट तर दाब चौपट). आज 0.8 इंच असलेला दाब 4 टनांच्या हवेला 1.4 इंचांवर जाईल, आणि घरगुती यंत्रांचे पंखे सहसा 0.5 इंचाच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यामुळे ती हवा प्रत्यक्षात मिळणारच नाही. नव्या पद्धतीची मोटर ती ओढण्यासाठी जास्त वीज खाईल आणि गोंगाट करील, जुन्या पद्धतीची असेल तर हवाच कमी पडेल. मग उन्हाळ्यात कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर) बर्फ धरतो आणि हिवाळ्यात कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय मोठे यंत्र थोडा वेळ चालून थांबते, त्यामुळे घर थंड होते पण हवेतला दमटपणा तसाच राहतो, आणि न्यू जर्सीच्या जुलैत हे फार त्रासदायक ठरते.

फर्नेसला हेच डक्ट इतकी वर्षे चालले, मग हीट पंपाला का चालू नयेत, ही शंका रास्त आहे. फर्नेसची हवा जाळीतून 120 ते 130 अंशांनी येते, हीट पंपाची साधारण 95 ते 105 अंशांनी. हवा जितकी कमी गरम, तितकी ती जास्त लागते. म्हणून डक्टमधला जो दोष फर्नेसच्या काळात शिट्टीवर निभावला, तो आता थंड खोलीच्या रूपाने समोर येतो.

शिट्टीवरून आणि तिसऱ्याच्या सल्ल्यावरून दोष रिटर्नच्या बाजूला असावा असे दिसते. त्या काळच्या घरांत हवा सोडणाऱ्या जाळ्या भरपूर आणि परत ओढणाऱ्या एक-दोनच, हे नेहमीचे चित्र आहे. तरी खात्री करून घ्यावी. फिल्टरच्या आधी व नंतर आणि कॉइलच्या आधी व नंतर असे चार ठिकाणचे दाब त्याच्याकडून लिहून घ्यावेत, 0.8 पैकी किती कुठे खर्च होते ते त्यांवरून लगेच कळेल. 16 बाय 25 इंचांचा, एक इंच जाडीचा फिल्टर असेल, तर 1,200 घनफूट हवेला तो अपुरा आहे, आणि 4 इंच जाडीचा फिल्टर बसवण्याची पेटी हा सर्वांत स्वस्त उपाय ठरू शकतो. (रिटर्नची जाळी स्वयंपाकघराजवळ असेल तर फिल्टर पाकिटावरच्या मुदतीआधी बदलावा, फोडणीचा तेलकट धूर त्यावर बसतो.) दुसरा रिटर्न वरच्या मजल्यावर, शक्यतो त्या मागच्या खोलीजवळ घ्यावा. तळघरात दिसणारी मुख्य नळीही मापावी : 8 बाय 20 इंचांची एक नळी फार दाब न घेता मिनिटाला साधारण 800 ते 900 घनफूट हवा नेते. तशी एकच असेल, तर रिटर्न वाढवूनही 3 टन तंगच होतील. दोन असतील तर काळजी नाही.

सांधे बुजवण्याचे काम याच वेळी उरकावे. अमेरिकेतील सर्वसाधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा वाटेतच गळते. ‘डक्ट टेप’ नावाने मिळणारी कापडी चिकटपट्टी त्यासाठी घेऊ नये. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने 1998मध्ये घेतलेल्या चाचण्यांत ती साफ नापास झाली. ब्रशने लावायचे मॅस्टिक वापरावे. सांध्यांवर जुनी पांढरी, कागदासारखी पट्टी असेल, तर तिला कोणीही हात लावण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्यावी.

यंत्राच्या पत्रकावरील ‘3 टन’ या शब्दांवर विसंबू नये. बाहेर थंडी वाढते तशी हीट पंपाची क्षमता उतरते, आणि पत्रकावरचा मोठा आकडा बाहेर 47 अंश असतानाचा असतो. आपल्याला 17 आणि 5 अंशांचे आकडे हवेत. थंड हवामानासाठी बनवलेले, वेग कमीजास्त करणारे 3 टनांचे यंत्र घ्यावे आणि ते 15 अंशांच्या आसपास 30,000 बीटीयूच्या वर देते की नाही ते पाहावे. त्याखालच्या रात्रींसाठी 5 किलोवॉटचा विजेचा हीटर पुरेल. तो तासाला 17,000 बीटीयू देतो.

एक गोष्ट कंत्राटदार क्वचितच सांगतात. आपला पाण्याचा हीटर गॅसचा असून त्याचा धूर फर्नेसच्याच चिमणीतून जात असेल, तर फर्नेस गेल्यावर ती चिमणी एकट्या हीटरसाठी फार रुंद होते, तिला पुरेसा ओढा राहत नाही आणि धूर तळघरात परतू शकतो. चिमणीत योग्य मापाची आतली नळी बसवणे किंवा हीटरच बदलणे, यांपैकी एक कराराच्या रकमेत लिहून घ्यावे. हीट पंपावरील 30 टक्क्यांची, कमाल 2,000 डॉलरची केंद्रीय करसवलत 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. ती धरून कोणी दर सांगत असेल तर दर पुन्हा मागावा.

प्रश्न : मुले शिकायला बाहेरगावी गेल्याने आमच्या दोन खोल्या रिकाम्या असतात. तिथल्या जाळ्या बंद ठेवल्या तर गॅस वाचेल का?
— एक वाचक, मिसिसागा, कॅनडा

उत्तर : फारसा वाचणार नाही. फर्नेस तेवढीच आहे. जाळ्या बंद झाल्या की डक्टमधला दाब वाढतो आणि अडलेली हवा सांध्यांतून जास्त गळते. हवा फार घटली तर फर्नेस अतितप्त होऊन तिचा सुरक्षा-स्विच तिला बंद करतो. शिवाय गारठलेल्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर ओल धरते. जाळी निम्मी उघडी ठेवावी, आणि दार बंद राहत असेल तर त्याखाली बोटभर फट आहे ना, एवढे पाहावे.