भावासाठी किती वर्षे प्रार्थना करावी?

इतरांसाठी करावयाच्या प्रार्थनेविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील वेदना मला अनेक घरांत दिसते आणि तिच्यावर सांगितले जाणारे उपाय पुष्कळदा त्या वेदनेत भरच घालतात.

प्रश्न : आदरणीय फादर, माझा धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांपासून दारूच्या आहारी गेला आहे. त्याने मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) येणे सोडले आहे आणि भावजय मुलांना घेऊन माहेरी राहते. आई आणि मी घरी रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो, माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनालाही (ओळीने नऊ वेळा करायच्या प्रार्थनेलाही) पुष्कळदा गेलो. एका प्रार्थनासभेत आम्हाला सांगण्यात आले की तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून देव ऐकत नाही. तेव्हापासून आई खचली आहे. देवाला सगळे ठाऊक असताना आम्ही त्याला आणखी काय सांगायचे, आणि किती वर्षे? – एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, आधी आईसाठी दोन शब्द. 'तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुमचा मुलगा सुधारला नाही' या वाक्याला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आधार नाही. ज्यांनी ते म्हटले त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण एका थकलेल्या आईच्या डोक्यावर मुलाच्या व्यसनाचा दोष ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो दोष तिने आजच खाली ठेवावा.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणाला की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे (लूक २२:३२). त्याच रात्री पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. ही प्रार्थना प्रत्यक्ष देवपुत्राची होती, तिच्यात विश्वासाची उणीव असण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही पेत्राचे पडणे तिने टाळले नाही. पडल्यानंतर पेत्र निराशेत बुडाला नाही, रडला, परतला आणि पुढे आपल्या भावांना स्थिर करणारा झाला, हे त्या प्रार्थनेचे फळ होते. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याचे स्वातंत्र्य देव काढून घेत नाही. आईच्या प्रार्थनेच्या जोरावर देवाने तुमच्या भावाच्या हातातून बाटली हिसकावून घेतली असती, तर सुटका करून घेणारा तुमचा भाऊ उरलाच नसता.

देवाला सर्व ठाऊक असताना सांगायचे कशाला, या प्रश्नाला तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दिलेले उत्तर मला आजही सर्वांत समाधानकारक वाटते. ते म्हणतात की देवाने योजलेले बदलावे म्हणून आपण प्रार्थना करत नाही. जे प्रार्थनेच्या द्वारे द्यायचे असे त्यानेच योजले आहे, ते मिळावे म्हणून आपण मागतो. म्हणजे तुमच्या भावाच्या भल्यासाठी देवाने ज्या गोष्टी योजल्या आहेत, त्यांत आईची रोझरी आधीपासूनच धरलेली आहे. हेच अक्वायनस पुढे एक अवघड गोष्टही मोकळेपणाने मान्य करतात : मनुष्य स्वतःच्या तारणासाठी चिकाटीने मागतो तेव्हा ते त्याला निश्चित मिळते, परंतु दुसऱ्यासाठी मागतो तेव्हा त्या दुसऱ्याच्या बाजूने अडथळा येऊ शकतो. प्रार्थनासभेत कोणी हे सांगितले असते तर आईला रात्रीची झोप तरी लागली असती.

आईला संत मोनिकाची गोष्ट सांगा, पण आपण ती नेहमी सांगतो त्यापेक्षा थोडी सावकाश सांगा. मुलगा ऑगस्टीन धर्मापासून दूर गेल्यावर ती वर्षानुवर्षे रडली आणि अखेरीस तो ख्रिस्ती झाला, एवढेच आपण सहसा सांगतो. मधला भाग ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवला आहे. मुलगा रोमला निघाला तेव्हा मोनिका त्याच्यामागे कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत आली. त्याने जाऊ नये किंवा तिला बरोबर न्यावे असा तिचा हट्ट होता. एका मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून ऑगस्टीनने तिला बंदराजवळच्या, संत सिप्रियनच्या स्मरणार्थ बांधलेल्या प्रार्थनास्थळी रात्रीपुरते थांबायला लावले. ती रात्रभर तेथे गुडघे टेकून रडत राहिली, मुलाचे जहाज निघू नये एवढेच मागत राहिली, आणि त्याच रात्री वारा सुटून जहाज निघाले. सकाळी किनारा रिकामा होता. तिने मागितलेली नेमकी गोष्ट देवाने नाकारली होती. परंतु त्या जहाजाने ऑगस्टीन इटलीला पोहोचला, पुढे मिलान शहरात त्याला बिशप अँब्रोझ भेटले आणि ३८७ सालच्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) मिळाला. देवाने त्या रात्रीची मागणी बाजूला ठेवली, कारण त्या मागणीच्या तळाशी असलेली इच्छा त्याला पुरी करायची होती, असे ऑगस्टीनने नंतर लिहिले आहे. रडणाऱ्या मोनिकाला हे त्या रात्री कळण्याची काहीच सोय नव्हती. तुमच्या आईलाही आज ती नाही.

मोनिका एका बिशपकडे गेली होती आणि माझ्या मुलाशी बोला, त्याची समजूत घाला, म्हणून तिने धरणेच धरले होते. बिशपांनी बोलायला नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, सध्या त्याला तसेच राहू दे आणि फक्त त्याच्यासाठी देवाची प्रार्थना कर, असे सांगितले. त्यांचा हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. रोज कानीकपाळी ओरडण्याने जो दुरावतो त्याच्यासाठी कधीकधी त्याच्याशी कमी आणि देवाशी जास्त बोलावे लागते.

मात्र यातून 'प्रार्थना केली, आता काही करायला नको' असा अर्थ काढू नका. मार्कच्या शुभवर्तमानात चौघेजण पक्षाघात झालेल्या एका माणसाला खाटेसह उचलून आणतात आणि गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उकलून त्याला खाली सोडतात. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे तेथे म्हटले आहे. खाटेवरचा माणूस त्या प्रसंगात एक शब्दही बोललेला नाही. त्या चौघांचा विश्वास त्यांच्या खांद्यांवर आणि छप्पर उकलणाऱ्या हातांत दिसत होता. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मुंबईचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनसारख्या संस्था आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट याच कामासाठी आहेत. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीही वेगळे गट असतात. तेथे तुम्ही आणि आई भाऊ तयार होण्याची वाट न पाहता जाऊ शकता, आणि जावे असे माझे स्पष्ट मत आहे. भावजयीला फोन करा. तिच्यासाठी आणि मुलांसाठीही रोझरीतले एक दशक (दहा मण्यांचा जप) राखून ठेवा, कारण अशा घरांत सगळी प्रार्थना पिणाऱ्याभोवतीच फिरते आणि ज्यांनी निमूटपणे सोसले त्यांचे नाव कोणी घेत नाही.

नोव्हेनाविषयी एवढेच सांगतो की नऊ या संख्येत काही जोर नाही. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित पवित्र मरियेसह एकचित्ताने प्रार्थना करत पवित्र आत्म्याची वाट पाहत राहिले, त्या दिवसांची ती आठवण आहे. नोव्हेना संपली आणि काही घडले नाही तर तुमचे काही चुकले असे होत नाही. थकलात तर नोव्हेना काही काळ थांबवा आणि रात्री झोपण्यापूर्वी भावाचे फक्त नाव घेऊन क्रुसाची खूण करा. किती वर्षे, असे तुम्ही विचारले आहे. तो जगतो आहे तोपर्यंत, आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणे त्यानंतरही.

प्रश्न : फादर, वडिलांच्या वर्षाच्या मिस्सासाठी मी कार्यालयात पैसे दिले. प्रत्यक्ष मिस्सात आणखी सात-आठ नावे वाचली गेली. एका नातेवाइकाने विचारले, 'प्रार्थना विकत मिळते का?' मला उत्तर देता आले नाही. – एक वाचक, नालासोपारा

उत्तर : प्रार्थना विकत मिळत नाही, आणि मिस्साच्या दानाला व्यापाराची नुसती छायाही लागू नये असे धर्मसभेचा कायदाच सांगतो (कलम ९४७). कोणाकडे द्यायला काही नसेल, तर दान न घेताही त्याच्या हेतूसाठी (ज्या व्यक्तीसाठी वा कारणासाठी त्याला मिस्सा हवी त्यासाठी) मिस्सा अर्पण करावी असे धर्मगुरूंना आग्रहाने सुचवले आहे (कलम ९४५). भाविक देतात ते दान मिस्साची किंमत नसते. अर्पणात स्वतःच्या कमाईतील काही घालून सहभागी होण्याची ती रीत आहे आणि त्यातून धर्मगुरूचा व चर्चच्या कामाचा निर्वाह होतो. कोणी गरीब माणूस कार्यालयाच्या दारातून संकोचून परत जात असेल तर ते आमचे अपयश आहे, हे मी धर्मगुरू म्हणून कबूल करतो.

अनेक नावांविषयी तुमची शंका रास्त आहे. सर्वसाधारण नियम असा की ज्या हेतूंसाठी स्वतंत्र दाने स्वीकारली त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र मिस्सा अर्पण करावी. दात्यांना आधी कल्पना देऊन आणि त्यांच्या संमतीने अनेक हेतू एकत्र घेण्याची मुभा रोमने १९९१ साली मर्यादित प्रमाणात दिली, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या आदेशाने त्या बाबतीत निर्णय घेण्याचा अधिकार त्या-त्या प्रांतातील बिशपांकडे सोपवला. दात्याला सांगणे आणि त्याची संमती घेणे ही अट मात्र कायम आहे. तुम्हाला कोणी सांगितले नसेल तर कार्यालयात जाऊन शांतपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे. वडिलांच्या बाबतीत काळजी करू नका. ख्रिस्ताचे अर्पण आठ जणांत वाटले म्हणून एकेकाच्या वाट्याला कमी येत नाही.

मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा येशूच्या काळाआधीपासूनची आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी यहुदी सेनानी यहूदा मक्काबी याने यरुशलेमला अर्पण पाठवल्याचे बायबलमधील मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. वर उल्लेखिलेल्या मोनिकेनेही मरताना मुलांना सांगितले होते की हे शरीर कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. १८८७ साली पॅरिसमध्ये तिघींचा खून करणाऱ्या प्रांझिनी नावाच्या माणसाला देहदंडाची शिक्षा झाली, तेव्हा लिझ्यू गावातील चौदा वर्षांच्या तेरेझा मार्टिनने त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि बहिणीच्या मदतीने एक मिस्साही अर्पण करवून घेतली. काही खूण दिसली नाही तरी देव त्याला क्षमा करील असा तिचा विश्वास होता. केवळ मनाच्या समाधानासाठी तिने एक खूण मागितली. पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) नाकारलेल्या प्रांझिनीने वधस्तंभापाशी धर्मगुरूच्या हातातील क्रूस घेऊन त्याचे तीनदा चुंबन घेतले, हे तिने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. पुढे संत म्हणून गौरवली गेलेली ही मुलगी त्या खुन्याला आपले पहिले मूल म्हणत असे. तुमच्या नातेवाइकाला हे अवश्य सांगा, आणि प्रार्थना विकत घेणारी व्यक्ती अशा माणसासाठी काय म्हणून पैसे खर्च करील, हेही त्यांना विचारा.

प्रश्न : आमच्या चाळीतील एक हिंदू मावशी कर्करोगाने आजारी आहेत. त्यांच्यासाठी मिस्सा मागता येते का? त्यांना आवडणार नाही अशी भीती वाटते. – एक भगिनी, ठाणे

उत्तर : मागता येते. धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो (कलम ९०१). पवित्र शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेतील दहा प्रार्थनांत ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी आणि देवच न मानणाऱ्यांसाठीही स्वतंत्र प्रार्थना आहेत. बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांत किती हिंदू कुटुंबे असतात ते तुम्ही पाहिलेच असेल, त्यामुळे मावशींना परके वाटेल असे मला वाटत नाही. तरीही त्यांना विचारा. 'मावशी, मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' एवढे पुरे. त्या बरे म्हणाल्या तर त्यांच्या उशाशी बसून मनातल्या मनात करा, आणि त्यांनी त्यांच्या देवाचे नाव घेतले तर अडवू नका.

एक पथ्य पाळावे. त्यांचे नाव आणि आजार मिस्सात मोठ्याने वाचायला देऊ नका, आणि प्रार्थनेसाठी म्हणून व्हॉट्सॲपच्या गटातही टाकू नका. आजाऱ्याची परवानगी नसताना तसे करणे म्हणजे त्याचे दुखणे गावभर करणे होय. 'एका आजारी शेजारणीसाठी' एवढे कार्यालयातल्या वहीत लिहिले तरी चालते. आणि पुढच्या केमोथेरपीच्या दिवशी त्यांच्याबरोबर रुग्णालयात कोण जाणार आहे, तेही विचारून ठेवा.