नव्या इमारतीत वाड्याचा पब: आधी खण, मग नक्षी

प्रश्न: पुण्यात नव्या आरसीसी इमारतीच्या तळमजल्यावर पब काढतो आहोत. स्लॅब १२ फुटांवर, काँक्रीटचे खांब २० फुटांवर. पेशवाई वाड्याचं रूप हवंय. सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव) खांब, महिरपी लावून नमुना केला, पण नाटकाचा सेट वाटतो. काय चुकतंय?

उत्तर: नक्षी नव्हे, अंतर चुकतंय. वाड्यात लाकडाला झेपेल तेवढाच खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, असतो. २० फुटांच्या गाळ्यात दोन टोकांना दोन सुरूदार खांब दिसले की वरची तुळई (आडवा मोठा वासा) लटकल्यासारखी वाटते. त्या गाळ्याचे ५ फुटांचे चार खण पाडा आणि टेबलं खणांप्रमाणे मांडा. काँक्रीटच्या खांबांना लाकूड चिकटवू नका. ते खांब भिंतीत घ्या. लाकडी खांब थेट फरशीवर नको, खाली दगडी तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, हवाच.

दुसरी चूक छताची. खांबावर हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई, तुळईवर कड्या (आडवे बारीक वासे), कड्यांवर पाट (फळ्या), हा क्रम डोळ्यांना दिसला पाहिजे. कड्या नुसत्या छताला ठोकल्या की फसवणूक लगेच उघडी पडते. कडीपाट ९ फुटांवर घ्या. वर एसीचे डक्ट बसतात. स्प्रिंक्लरची तोंडं मात्र पाटाखाली काढा आणि फवारा कड्यांना अडत नाही ना, हे अग्निसुरक्षा सल्लागाराकडून तपासून घ्या. दगड आणि चुना आवाज परत फेकतात, म्हणून पाटांत बारीक फटी ठेवून मागे ५० मिलिमीटर रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची लादी) भरा.

जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर उत्तमच. भिंतीत गाडलेली टोकं आधी टोचून पाहा, कूज तिथेच असते. कापण्यापूर्वी खिळेही शोधा.

गुळगुळीत काँक्रीटवर चुन्याचा गिलावा धरत नाही, पोपडे सुटतात. पृष्ठभाग छिन्नीने खडबडीत करा, भिजवा. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू. एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या आसपास. घाईने वाळवला तर तडे जातात, म्हणून ओलं गोणपाट लावा. वरून ऑइलपेंट अजिबात नको.

दिंडी दरवाजा (मोठ्या दारात छोटं दार असलेला) हौसेने जरूर बसवा, पण धंद्याच्या वेळेत तो पूर्ण उघडा अडकवलेला असावा. वाड्याचा दरवाजा आत उघडतो, अडसर लावायला. गर्दी बाहेर पळताना तोच जीवघेणा ठरतो. बाहेर उघडणारी सुटकेची दारं वेगळी ठेवा आणि त्यांच्यापुढे सजावटीची जाळी लावू नका.

खांबांचा नवा नमुना करण्याआधी विश्रामबागवाड्यात टेप घेऊन जा.