लग्नाचं काम सोडू नको, पण गावचं नाटक धरून ठेव

खानापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बी.कॉम. झालाय, दोन वर्षं बेळगावात एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली आहे. कुणा फ्रीलान्स फोटोग्राफरची अलीकडची कामं त्यानं बघितली, एकीकडे विणकरांच्या घरातली डॉक्युमेंटरी मालिका, दुसरीकडे नाटक आणि नृत्याचे फोटो, आणि तेव्हापासून म्हणतो मला हेच करायचंय. आई विचारते, "जत्रेतल्या नाटकांमागं रात्र रात्र कॅमेरा घेऊन फिरायलाय, ह्यात पोट भरतंय का ओ?"

ताई, सरळ सांगतो, सुरुवातीची तीन-चार वर्षं नुसत्या ह्यावर घर चालणार नाही. म्हणून लग्नाचं काम राहूदे. पण चातुर्मासात लग्नं बंद असतात ना, ते महिने त्याचे स्वतःचे, त्यात घरच्यांनी त्याला दुसरीकडे जुंपू नका.

आणि त्याला सांगा, विषय शोधायला लांब जायची गरजच नाही. गावच्या जत्रेत जे हौशी नाटक होतं तेच घे, फक्त प्रयोगाच्या रात्रीचं नको, महिनाभर आधीच्या तालमी, दिवसभर शेतात राबून संध्याकाळी पाठांतराला बसलेला माणूस, भाड्यानं आणलेले पडदे, रंगपट, आणि दुसऱ्या दिवशी तोच राजा म्हशी घेऊन चाललाय, हे सगळं एकाच मालिकेत येतं आणि इथंच डॉक्युमेंटरी आणि रंगमंच वेगळे राहत नाहीत. फोटोग्राफर दयानिता सिंग एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) शिकत असताना तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासोबत कितीतरी हिवाळे मैफलींना फिरल्या, त्या फोटोंचं पुस्तक 1986 साली आलं. एकाच विषयाजवळ इतका काळ थांबणं, हे मला ह्या कामात सगळ्यात मोठं वाटतं.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला जाणार असेल तर मात्र सांभाळून. चौडकं वाजवणाऱ्या जोगतिणी, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायका, ही रंगीत फ्रेम नव्हे, मुलींना देवदासी म्हणून देवाला सोडण्यावर कर्नाटकात 1982 च्या कायद्यापासून बंदी आहे आणि त्यामागं बायकांनी फार सोसलंय. आधी बोलावं, बसावं, विचारावं, नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली. त्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, ही केवढी मोठी जमेची बाजू आहे, पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफरला ती मिळत नाही.

स्टेजचं थोडं त्याच्यासाठी. फ्लॅश अजिबात नाही. एक 50 एमएम 1.8 लेन्स पुरते सुरुवातीला, शटर 1/250 च्या आसपास, आयएसओ (कमी उजेडात वाढवायचं सेटिंग) 3200 पर्यंत जायला घाबरू नको, फाईल रॉ मध्येच, म्हणजे नंतर रंग सुधारता येतात, कारण हल्लीच्या जांभळ्या एलईडीत चेहऱ्याचा रंग पार जातो. बिनआवाजाच्या सायलेंट शटरला एलईडीखाली फोटोत पट्टे येऊ शकतात, ते आधी तपासून घे. रंगीत तालमीला परवानगी काढून जा, तिथं हवं तसं फिरता येतं आणि कुठली हालचाल कधी येणार ते कळतं.

पैसे कुठून? भरतनाट्यमच्या क्लासेसचे रंगप्रवेश, संस्थांचे वार्षिक कार्यक्रम, एनजीओंच्या अहवालांचे फोटो. पण लेखी बोलणं आधी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला स्वतःचेच फोटो पोर्टफोलिओत घालता आले नाहीत, फार वाईट वाटलं. व्हॉट्सॲपवर का असेना, दोन ओळी लिहून घ्यायच्या की.

शिकायचंच असेल तर म्हैसूरच्या कावा या कला महाविद्यालयात फोटोग्राफीचं पदवी शिक्षण आहे, एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफीचं एम.डेस. (पदव्युत्तर शिक्षण) आहे पण प्रवेश परीक्षा अवघड. कर्ज काढून महागडा कॅमेरा मात्र आत्ता घेऊ नका. मालिका उभी राहिली की कलाकारांना अनुदान देणाऱ्या बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेकडे अनुदानासाठी प्रस्ताव टाकता येईल.

येत्या जत्रेच्या नाटकाचे फक्त वीस फोटो निवडून मला पाठवू दे, प्रत्येकाखाली माणसाचं नाव आणि तो दिवसा काय करतो ते लिहून. आणि ताई, तालमीला एकदा तुम्हीपण जाऊन बसा त्याच्याबरोबर.