भाडं वाढवायचंय, पण भांडण नकोय

"मॅडम, घरमालकीणबाईंनी एकदम भाडं वाढवलंय, काय करू?" आणि त्याच आठवड्यात दुसरीकडून "भाडेकरू इतकी वर्षं तेच भाडं देतोय, विषय काढला की तोंड फिरवतो." रत्नागिरीत समुपदेशनाचं काम करताना दोन्ही बाजूंनी हे इतक्या वेळा ऐकते की म्हटलं एक केस सांगूनच टाकावी. ओळख पटणार नाही एवढे तपशील बदललेत.

काकू साठीच्या पुढच्या, मिस्टर गेलेले, मुलगा मुंबईला. चिऱ्याच्या घराचा अर्धा भाग भाड्याने दिलेला. भाडेकरू मेडिकलमध्ये कामाला, बायको आणि दहावीतली मुलगी. भाडं 6000, चार वर्षं तेवढंच. एक दिवस काकूंचा व्हॉट्सअॅप मेसेज, "पुढच्या महिन्यापासून 9000." त्याने उत्तर म्हणून कायद्याचं कलम पाठवलं, वर्षाला 4 टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही म्हणून. झालं, एकाच अंगणात राहून बोलणं बंद, गणपतीत मोदकांचं ताट पण गेलं नाही.

आधी दोघांना वेगवेगळं भेटले, मग एकत्र. काकूंनी खर्चाची वही आणलेली. माकडांनी फोडलेली कौलं, मिरगाच्या आधी कौलं चाळायची मजुरी, बदललेल्या रिपा, घरपट्टी, सगळं तारखेनिशी. तो बराच वेळ वाचत बसला, मग म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं."

मी त्याला विचारलं, 9000 वाचल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं?

"आम्ही नकोसे झालो. सगळीकडे होमस्टे निघतायत. मार्चमध्ये पोरीची परीक्षा, कुठे जाऊ मी?"

काकू एकदम सरळ बसल्या. "अरे, होमस्टे मुलाला करायचाय, मला नाही! रात्री तुमच्याकडचा लाइट दिसला की मला झोप लागते. तो म्हणतो सहा हजारात काय भागतं, म्हटलं आकडा वाढवला की गप्प बसेल."

माझ्या कामातले हेच क्षण मला सगळ्यात मोलाचे वाटतात. माझं ठाम मत आहे की माणसाला आधी पूर्ण ऐकून घेतलं की आकड्यावर बोलणं सोपं जातं, कारण भाड्याच्या भांडणाखाली बहुतेक वेळा भीती असते, घर जाण्याची नाहीतर एकटं पडण्याची, आणि ती मेसेजमध्ये कधीच टाइप होत नाही.

मग आकडा. दरवर्षी 5 टक्के वाढवलं असतं तर चार वर्षांत 6000 चे साधारण 7300 झाले असते. हे कागदावर मांडल्यावर दोघांनाही पटलं. 7300, पुढे दरवर्षी 5 टक्के, 36 महिन्यांचा रजिस्टर करार, कौलं काकूंकडे, आतली किरकोळ दुरुस्ती त्याच्याकडे. मुलाला फोन काकूंनी स्वतः केला, माझ्यासमोरच.

आता तुमच्यासाठी. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली 4 टक्क्यांची वाढ भाडेकरारासाठी आहे. आपल्याकडे बहुतेकांचा असतो तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, त्यात वाढ करारात लिहिल्याप्रमाणे, त्यामुळे कलम पाठवण्याआधी आपला करार काढून वाचा. करार लेखी आणि रजिस्टर असायलाच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाऊ शकतं. दिलेल्या भाड्याची पावती मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. मालकांनी वाढीचं निदान दोन-तीन महिने आधी आणि समोर बसून सांगावं, खर्चाची वही दाखवावी. मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर तर विषय काढूच नये.

आणि कोणी भाड्यावरून लाइट-पाणी तोडलं असेल तर समुपदेशनासाठी थांबू नका. ते बेकायदेशीर आहे, सरळ वकील गाठा आणि कोर्टात अर्ज करा, बोलणी नंतरही करता येतात.